परसबागेत हात घालण्यापूर्वी

नवरात्र संपते, पाऊस काढता पाय घेतो आणि उरणच्या केगाव, नागाव, चिरनेर परिसरात परसात कुदळी वाजू लागतात. भात कापून झाले की शेतातल्या ओलीवर वाल पेरायचा आणि घरामागे मेथी, लाल माठ, मुळा, कोथिंबीर यांचे वाफे करायचे, ही आपली जुनी रीत. मी तिचा पुरस्कर्ताच आहे. ताजी पालेभाजी मिळते आणि व्यायामही फुकट होतो. पण याच दिवसांत मातीने माखलेल्या जखमा घेऊन माणसे माझ्या दवाखान्यात येतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिली गोष्ट धनुर्वाताची. 'गंजका खिळा लागला तरच इंजेक्शन' हा समज खोटा आहे. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत आणि शेणखतात असतात. गुलाबाचा काटा किंवा बांबूची काडी खोल रुतली की आत हवा पोचत नाही, आणि तेच या जंतूंना मानवते. साधारण ३ ते २१ दिवसांनी जबडा धरतो, गिळता येत नाही. तोवर जखम कदाचित भरूनही आलेली असते.

म्हणून जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. चुना, शेण, तंबाखू काहीही भरू नका. जखम मातीची किंवा खोल असेल आणि शेवटचा डोस घेऊन ५ वर्षे उलटली असतील, तर इंजेक्शन घ्या. एरवी दर १० वर्षांनी एक डोस पुरतो, मात्र आधी सर्व प्राथमिक डोस झालेले हवेत. घरातल्या आजीला विचारा, 'शेवटचे इंजेक्शन कधी घेतले?' बहुधा उत्तर येईल, 'धाकट्याच्या बाळंतपणात.' तो धाकटा आता चाळिशीचा असतो!

दुसरी गोष्ट विंचू-सापांची. विटा, नारळाच्या झावळ्या, सरपण यांखाली हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहा. पायात बूट, हातात जाड मोजे हवेत. लाल विंचू चावल्यावर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही हृदयावर ताण आल्याची चिन्हे असतात. आपल्याच रायगडातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांवर प्राझोसिन औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध घरी मात्र द्यायचे नाही. साप चावल्यास घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अवयव स्थिर ठेवून रुग्णाला थेट रुग्णालयात न्या. मण्यारीचा दंश दुखतही नाही, म्हणून 'काही होत नाही' असे म्हणून थांबू नका.

तिसरी गोष्ट तापाची. ओल्या मातीत उंदराचे मूत्र मिसळलेले असू शकते. पायाला भेगा असतील तर त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर 'मी मातीत काम केले होते' हे डॉक्टरांना न विचारता सांगा. या एका वाक्याने निदान लवकर होते. कुंड्यांखालच्या ताटल्याही आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून काढा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.

बियाणे आणायला बाजारात जाल तेव्हा वाटेत दवाखान्यात डोकावून धनुर्वाताच्या डोसची तारीख तपासून घ्या.