कामाला नमस्कार, बसण्यालाही नमस्कार

नैर्ऋत्य नायजेरियात रस्त्याकडेला मशीन चालवत बसलेल्या शिंप्यासमोरून जाताना योरुबा माणूस म्हणतो, ‘ए कू इशे’. इशे म्हणजे काम. तुम्ही कामात आहात, म्हणून हा नमस्कार. काम आटोपून तो नुसताच बसला असेल तर ‘ए कू इजोको’, बसलेल्याला नमस्कार. गावाहून परतलेल्याला ‘ए काबॉ’. लग्नकार्यात हात सैल सोडणाऱ्या यजमानाला ‘ए कू इनावो’, म्हणजे खर्चाचा नमस्कार! आणि सुखरूप बाळंत झालेल्या बाईला ‘ए कू एवू’. एवू म्हणजे धोका. ती केवढ्या संकटातून पार पडली, हे त्या तीन शब्दांत आधी मान्य केलेले असते. मला या भाषेतले हे सर्वांत सुंदर वाक्य वाटते.

सकाळचे ‘ए काआरॉ’ आणि दुपारचे ‘ए कासान’ याच साच्यातले. ‘कू’ला पुढचा शब्द जोडत गेले की नमस्कार तयार होतो, मग तो थंडीचा असो वा वाटचालीचा. म्हणून नवशिक्याला पाठांतराइतकेच समोरच्याकडे नीट पाहावे लागते: तो काय करतो आहे?

सुरुवातीचा ‘ए’ आपल्या ‘तुम्ही’सारखा, एका वडीलधाऱ्यालाही आदराने लावायचा. बरोबरीच्याला किंवा लहानाला ‘ओ’ चालतो: ‘ओ कू इशे’. मोठ्यांसमोर मुलगे पालथे लोटांगण घालतात, मुली गुडघे टेकतात. निरोपाच्या ‘ओ दाबॉ’मध्ये पुन्हा येण्याची गोष्ट आहे, मराठी माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो, तसेच. कोणाला ठेच लागली तर ‘ए पेले’. चूक आपली नसली तरी म्हणायचे, कारण ती माफी नसून सहानुभूती असते.

खरी कसोटी सुरांची. उंच, मध्यम आणि खालचा असे तीन सूर आहेत. ‘ऑकॉ’ सपाट म्हटले तर नवरा. शेवट चढवला तर कुदळ, उतरवला तर वाहन.

या बोलीचा पहिला मोठा कोशकार गुलामीतून सुटलेला होता. सॅम्युएल अजायी क्राउथर यांना 1821 मध्ये लहान वयात पकडून विकले गेले. पुढच्या वर्षी ब्रिटिश आरमाराने त्यांना नेणारे पोर्तुगीज जहाज अडवले आणि त्यांना सिएरा लिओनमधील फ्रीटाउनला उतरवले. 1843 मध्ये त्यांचा योरुबा शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला, 1864 मध्ये ते बिशप झाले. त्यांच्यासारखेच सोडवून आणलेले हजारो योरुबा फ्रीटाउनमध्ये राहत. घर, मुलूख, नातलग सारे मागे राहिले होते, पण येताजाता एकमेकांना ‘ए कू’ म्हणणे सुटले नव्हते. ते ऐकून ऐकून तिथले इतर लोक त्यांना ‘आकू’ म्हणू लागले.