हाताला बसेल ते हत्यार

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

म्हशाची जत्रा ठाऊक नाही असा माणूस शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात सापडणे कठीण. पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या या जत्रेत बैलांचा बाजार असतो, घोंगड्यांची दुकाने असतात आणि एका कडेला लोखंडी अवजारे मांडून विक्रेते बसलेले असतात. राबासाठी टहाळ तोडायला कोयता हवा म्हणून माझी आजी दर दोन-तीन वर्षांनी तेथे जाते. ती आधी धार पाहत नाही. एकेक कोयता हातात घेते, मूठ आवळते, मनगट हलवून पाहते आणि खाली ठेवते. दहा-बारा कोयते असे झाल्यावर एक पसंत करते. विक्रेता वैतागतो. आजी म्हणते, “धार काय, घरी पण लावता येते. मूठ हाताला बसली पाहिजे.”

त्याच जत्रेत मी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात धरली. फुगे फोडायची बंदूक! तिचा लाकडी दस्ता माझ्या खांद्यापेक्षा लांब होता, चापापर्यंत बोट नीट पोहोचत नव्हते. दहा छर्रे उडवले, फुगा एकही फुटला नाही. स्टॉलवाला हसून म्हणाला, “पोरींचं काम नाही ते.” मी खाली मान घालून निघाले. दोष बंदुकीच्या मापाचा असू शकेल, हा विचार मनात आला नाही. आजीने कोयत्याला जे विचारले, ते मी बंदुकीला विचारले नाही.

मित्रमैत्रिणींनो, या लेखाचा विषय तोच आहे. नेमबाजाने आपले हत्यार आणि त्याचा ‘बोअर’ कसा निवडावा? आपल्या कॉलेजातून एन.सी.सी.मध्ये जाणाऱ्या आणि नेमबाजीची आवड असणाऱ्या मुलामुलींना उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

प्रथम बोअर म्हणजे काय ते पाहू. बंदुकीच्या नळीच्या आतील व्यासाला बोअर किंवा कॅलिबर म्हणतात. एन.सी.सी.ची रायफल ‘पॉइंट टू टू’ची, म्हणजे एका इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतले सुमारे बावीस; मिलिमीटरमध्ये ५.६. हवेच्या पिस्तुलाचा बोअर ४.५ मिलिमीटर. सरकारी कारखान्यात बनणारे परवान्याचे रिव्हॉल्व्हर ‘पॉइंट थ्री टू’चे, म्हणजे साधारण ८ मिलिमीटरचे असते. गावाकडे ज्या ‘बारा बोअर’च्या बंदुकीचे नाव ऐकू येते, तिचा हिशेब मात्र उलटा आहे. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची. अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरले तर ती बारा बोअर. म्हणून तेथे आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. हे माहीत नसल्यामुळे चावडीवर पुष्कळ वाद होतात!

आता सर्वसाधारण समजूत अशी की बोअर मोठा तो नेमबाज मोठा. सिनेमातला नायक नेहमी भले मोठे पिस्तूल घेऊन फिरतो, त्यामुळे पॉइंट टू टू म्हणजे पोरासोरांचा खेळ असे आमच्या वर्गातील मुलेही म्हणतात. त्यांच्यासाठी तीन नावे सांगते. तिघेही कोल्हापूर जिल्ह्यातील आहेत. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक घेऊन आला. हत्यारे वेगळी, स्थिती वेगळी. पण तिघांचेही काडतूस एकच, पॉइंट टू टू. त्याच पॅरिसमध्ये हरियाणाच्या मनू भाकरने १० मीटर पिस्तुलावर कांस्य मिळवले. त्या पिस्तुलाचा बोअर ४.५ मिलिमीटर, म्हणजे म्हशाच्या जत्रेतील फुग्यांच्या बंदुकीइतकाच!

लहान बोअर का चालतो, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. मी कला शाखेची असले तरी दहावीपर्यंतचा न्यूटन आठवतो. गोळी पुढे जाते तेव्हा तितक्याच संवेगाने हत्यार मागे येते. पॉइंट टू टूच्या गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम, पिस्तुलातून सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे ३०० मीटर. पिस्तूल १२०० ग्रॅमचे धरले तर ते सेकंदाला सुमारे ६५ सेंटिमीटर वेगाने मागे ढकलले जाते. पॉइंट थ्री टूच्या गोळीचे वजन ६.४ ग्रॅमच्या आसपास, वेग सुमारे २१० मीटर. रिव्हॉल्व्हर ७०० ग्रॅमचे असेल तर त्याचा मागे येण्याचा वेग जवळजवळ १९० सेंटिमीटर होतो. हवेच्या पिस्तुलात अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटरने सुटतो. एक किलोचे पिस्तूल त्याने जेमतेम साडेसात सेंटिमीटर वेगाने हलते. दारूच्या वायूचा धक्का मी या हिशेबात धरलेला नाही. तो धरला तर पहिल्या दोन्हींचे आकडे आणखी वाढतात.

धक्का मोठा असला की केवळ हात दुखतो असे नाही. खरे नुकसान मनाचे होते. दोन-चार बार झाले की शरीर पुढच्या धक्क्याची वाट पाहू लागते. चाप दाबण्याच्या क्षणीच डोळा मिटतो, मनगट आखडते आणि गोळी खाली जाते. एकदा ही दचकण्याची सवय लागली की ती मोडायला फार दिवस जातात. म्हणून नवशिक्याने सुरुवात सर्वांत कमी धक्क्याच्या हत्याराने करावी. आधी हवेचे पिस्तूल, मग पॉइंट टू टू, हा क्रम त्यामुळेच शहाणपणाचा आहे.

येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘हलके ते सोपे’ असे आपण धरून चालतो. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. ते स्त्रियांसाठी म्हणून जाहीर झाले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, पर्समध्ये मावेल असे. पण काडतूस तेच, पॉइंट थ्री टूचे. वरच्या हिशेबाने पाहिले तर ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा ते अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे २७० सेंटिमीटरने, मागे येणार. बाळगायला हलके ते चालवायला जड, असा हा उलटा न्याय आहे. उलट फार जड हत्यारही उपयोगाचे नाही. १० मीटरच्या स्पर्धेत पिस्तूल एकाच हाताने, कोपराला वा मनगटाला आधार न देता धरायचे असते आणि ७५ मिनिटांत ६० बार करायचे असतात. नियमाप्रमाणे पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत चालते, पण साठाव्या बारालाही हात स्थिर राहील एवढेच वजन घ्यावे. आमच्याकडच्या मुली डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढतात, त्यांना एक किलोचे काय, असे कोणी म्हणेल. पण हंड्याचे वजन मानेवर आणि कण्यावर येते. पिस्तुलाचे वजन ताठ केलेल्या हाताच्या टोकाला लटकते. ती ताकद वेगळी, ती वेगळी कमवावी लागते.

आता मूठ. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन निवडीसाठी सरावाला मी एका रेंजवर जात होते. तेथे सर्वांना मिळून एकच हवेचे पिस्तूल होते आणि त्याची लाकडी मूठ मोठ्या पंजाची होती. माझे बोट चापावर जेमतेम टेकायचे; चाप ओढताना संपूर्ण पंजा वळायचा आणि प्रत्येक छर्रा एकाच बाजूला जायचा. दोन आठवडे मी स्वतःलाच दोष दिला. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. एखादी गोष्ट जमली नाही की आपल्यातच काही कमी आहे असे समजण्याची आम्हा मुलांना सवयच असते. निवडीच्या दिवशी माझे गुण इतके कमी आले की मी आकडा घरी सांगितलाच नाही. सुटल्यासारखेही वाटले, कारण वडिलांना मुळात हे पसंत नव्हते. ‘बंदूक’ हा शब्द ऐकताच त्यांनी ताटावरून हात उचलला होता. गावात बंदूक म्हणजे रानडुकरे हाकलायला परवान्यावर घेतलेली, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, नाहीतर कोर्टकचेरीची. तिचा खेळही असतो हे त्यांनी पाहिलेले नव्हते.

पुढे एका निवृत्त हवालदार काकांनी माझी पकड पाहिली. त्यांनी पिस्तूल बाजूला ठेवायला सांगितले आणि माझा पंजाच मोजला. मग जे समजावले ते येथे लिहिते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील बेचक्यात मुठीचा वरचा भाग खोल बसला पाहिजे. तसे बसल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर यावा. बोटाचे टोक नको आणि सांधाही नको. चाप ओढताना तर्जनी मुठीच्या लाकडाला घासता कामा नये. डोळे मिटून हात उचलावा आणि मग उघडावेत. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप दिसली तर मूठ आपल्या मापाची. दर वेळी मनगट वळवावे लागत असेल तर मूठ चुकीची. चांगल्या स्पर्धेच्या पिस्तुलाला लहान, मध्यम, मोठी अशा मुठी मिळतात, डावखुऱ्यांसाठी निराळी मिळते. लाकूड कानसेने घासता येते, कमी असेल तेथे लांबी भरून वाढवता येते. चाप मागेपुढे सरकवता येतो. मात्र मुठीने मनगटाला आधार देता कामा नये आणि हवेच्या पिस्तुलाचा चाप निदान ५०० ग्रॅमचा, २५ मीटरच्या पिस्तुलाचा १००० ग्रॅमचा असावा, असा नियम आहे.

डोळ्याचीही परीक्षा करावी. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून दोन्ही डोळ्यांनी दूरचे झाड पाहा आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने झाड फटीतच राहते तो आपला मुख्य डोळा. उजव्या हाताच्या कित्येकांचा मुख्य डोळा डावा असतो. नेम का चुकतो हे त्यांना वर्षानुवर्षे कळत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे साधारणपणे २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय बंदुकीचा परवाना मिळत नाही. ९ मिलिमीटरचे पिस्तूल किंवा थ्री नॉट थ्री रायफल हे बोअर सामान्य नागरिकाला मनाई असलेले आहेत. तेव्हा माझ्यासारख्या एकोणीस वर्षांच्या मुलीने विकत घेण्याचा विचार सोडून एन.सी.सी., रायफल क्लब आणि प्रशिक्षक यांच्या देखरेखीखाली शिकावे हेच योग्य. हत्यार कोणतेही असो, ते भरलेलेच आहे असे समजावे. नळीचे तोंड लक्ष्याखेरीज कोठेही वळवू नये. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. माप चुकले तर गुण जातील, हे चुकले तर जीव जाईल.

काकांनी त्या मोठ्या मुठीवर काहीच केले नाही, कारण ती सर्वांची होती. दुसऱ्या ठिकाणाहून लहान मुठीचे एक जुने पिस्तूल त्यांनी दोन दिवसांसाठी आणले. पहिल्याच दिवशी माझे छर्रे एका बाजूला जायचे थांबले. सगळे काळ्यात बसले असे मुळीच नाही. पण ते मध्याभोवती पडू लागले. मग ज्या चुका उरल्या त्या माझ्या होत्या, आणि त्या मी सुधारू शकत होते. दुसऱ्या दिवशी मी वडिलांना बरोबर नेले. रेंजवरचा गंभीरपणा, शिस्त आणि कागदावरची ती काळी चकती त्यांनी तासभर पाहिली. परत येताना एस.टी.त म्हणाले, “यात मारायचं काहीच नाही की. नुसतं उभं राहायचं.” एवढ्या थोड्या शब्दांत या खेळाचे वर्णन मला करता आले नसते.

स्पर्धेचे हवेचे पिस्तूल लाखाच्या घरात जाते. आमच्या घरात भाताच्या एका हंगामात तेवढे पैसे उभे राहत नाहीत. म्हणून जिमखान्याच्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे. पुढेमागे कॉलेजसाठी एखादे पिस्तूल घेण्याचा योग आला, तर बोअर आणि कंपनी ठरवण्याआधी आपल्या मुलामुलींचे पंजे मोजावेत, आणि एका पिस्तुलाबरोबर निदान दोन मापांच्या मुठी मागवाव्यात. पिस्तुलाच्या मानाने मुठीचा खर्च फार थोडा असतो. ती नसल्यामुळे ‘हे आपले काम नाही’ म्हणून मागे फिरलेली मुले किती, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही.

येत्या पौषात मी पुन्हा म्हशाला जाणार आहे. आजीला कोयता घ्यायचा आहे, आणि मला त्या फुग्यांच्या स्टॉलवर जायचे आहे. या वेळी दस्ता आधी खांद्याला लावून पाहीन.