हरलेल्याचा पाठिंबा

निवडणुकींत हरलेल्या उमेदवारानें विजयी प्रतिस्पर्ध्याचें अभिनंदन करावें, ही रीत आपल्या परिचयाची आहे. अमेरिकेंत त्याच्यावर याहूनहि अवघड प्रसंग येतो. अध्यक्षपदाच्या खऱ्या लढतीपूर्वीं तेथें प्रत्येक पक्षांत उमेदवारीसाठीं घरांतलीच लढाई होते. महिनोन्‌महिने ज्याचे दोष जगाला सांगितले, त्याच्यासाठींच मग मतें मागावयाचीं असतात!

१९५२ सालचें रॉबर्ट टॅफ्ट यांचें उदाहरण घ्या. माजी अध्यक्षांचे हे चिरंजीव ओहायोचे सिनेटर होते आणि रिपब्लिकन पक्षांतील जुन्या मंडळींचे लाडके पुढारी. १९४० व १९४८ सालीं उमेदवारीनें त्यांना हुलकावणी दिली होती. जुलै १९५२ मध्यें शिकागोच्या अधिवेशनांत पहिल्याच फेरींत त्यांना ५०० मतें पडलीं, जनरल आयझेनहॉवर यांना ५९५. हवीं होतीं ६०४. मिनेसोटाच्या प्रतिनिधींनीं मतें फिरविलीं आणि निकाल लागला. आयझेनहॉवर रस्ता ओलांडून टॅफ्टांच्या हॉटेलांत त्यांना भेटावयास गेले खरे; पण टेक्सास व जॉर्जिया येथील प्रतिनिधींवरून झालेलें भांडण त्यांचे अनुयायी विसरावयास तयार नव्हते. ही मंडळी मतदानाच्या दिवशीं घरींच बसलीं तर?

१२ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्यें, मॉर्निंगसाइड हाइट्स येथें, दोघांची न्याहारीच्या वेळीं भेट झाली. बाहेर येऊन टॅफ्टांनीं पाठिंब्याचें निवेदन प्रसिद्ध केलें. त्यांत सरकारी खर्चांत मोठी कपात, टॅफ्ट-हार्टले कामगार कायद्याचें रक्षण, नेमणुकींत आपल्या अनुयायांवर अन्याय न होणें, हें सारें आलें होतें. परराष्ट्रनीतींतील मतभेदहि त्यांनीं लपविले नाहींत. विरोधकांनीं या भेटीला सेनापतीची शरणागति म्हटलें. डेमोक्रॅटिक उमेदवार स्टीव्हन्सन यांचा टोमणा असा, कीं टॅफ्टांनीं उमेदवारी गमावली, पण उमेदवार जिंकला.

टोमणा चुरचुरीत खरा, पण मला तो अर्धाच पटतो. अटी उघड सांगून दिलेला पाठिंबा मतदाराला निदान पारखतां येतो. गळ्यांत गळा घालून काढलेल्या छायाचित्रांत तें कोठून दिसणार?

नोव्हेंबरांत आयझेनहॉवर ४४२ विरुद्ध ८९ मतांनीं निवडून आले. जानेवारी १९५३ मध्यें टॅफ्ट सिनेटांतील बहुमतपक्षाचे नेते झाले. मार्चमध्यें मॉस्कोच्या वकिलातीवर चार्ल्स बोलन यांना नेमण्यास टॅफ्टांच्याच गोटांतून कडाडून विरोध झाला. टॅफ्टांनीं अध्यक्षांचा शब्द राखला व नेमणूक मंजूर करवून घेतली. मग अध्यक्षांना निरोप धाडला, ‘पुन्हां बोलन नकोत.’ चार महिन्यांनीं, ३१ जुलैला, ते वारले.