कूलंट जातंय कुठं?

सेकंड हँड गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत कधीतरी बॉनेट उघडलं जातं आणि कूलंटची टाकी खालच्या रेघेखाली गेलेली दिसते. बहुतेकांचा हात तेव्हा पाण्याच्या बाटलीकडे जातो. पातळी भरून निघते, तापमानाचा काटा मधोमध राहतो आणि काम झालं असं वाटतं. पण आजच्या गाड्यांची कूलिंग सिस्टीम बंदिस्त असते. कूलंट तापलं की फुगतं, निवलं की आकसतं; पेट्रोलसारखं ते खर्च होत नाही. वर्षाकाठी पातळी थोडीफार उतरणं समजण्यासारखं आहे. दर पंधरवड्याला भर घालावी लागत असेल, तर कूलंट कुठून तरी बाहेर गळतंय किंवा इंजिनाच्या आत शिरतंय. जुन्या गाडीच्या नव्या मालकानं म्हणूनच टाकी भरण्याआधी तिच्यात काय उरलंय ते नीट पाहावं. मागच्या मालकानं गाडी कशी वापरली याचा पुरावा तिथं असतो, आणि आपणच पाणी ओतून तो पुसून टाकतो.

‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? कूलंट थंड देशांसाठी, इथं पाणी चालतं,’ हा युक्तिवाद गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतो. त्यात तथ्याचा एक अंश आहे. उष्णता वाहून नेण्यात नुसतं पाणी हे पाणी आणि ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस असतं. अडचण येते ती उकळण्याची. पेट्रोल इंजिनात इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश कामी येते, साधारण तेवढीच धुरावाटे जाते आणि उरलेल्यातला मोठा वाटा कूलंटला उचलावा लागतो. सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान २००० अंश सेल्सियसच्या वर जातं, तर अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. ही तफावत सांभाळणारं कूलंट ९० अंशांच्या आसपास फिरत असतं. नुसतं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वरच्या सुमारे १,३७० मीटर उंचीवर ९५-९६ अंशांनाच. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल घेतलं, तर साध्या दाबाला हा बिंदू १०६-१०७ अंशांवर जातो आणि रेडिएटर कॅपनं आतला दाब सुमारे एका वातावरणानं वाढवला की १२५ च्या पुढे. मे महिन्यात एसी लावून, भरल्या गाडीनं घाट चढताना हाच फरक उपयोगी पडतो. कॅपचं रबर कडक झालं असेल, तर महागातलं कूलंट घालूनही त्यातला बराच फायदा वाया जातो. त्यामुळे जुन्या गाडीत इतर कशाच्याही आधी ही स्वस्तातली वस्तू बदलावी. मात्र इंजिन गरम असताना कॅपला हात लावू नये. दाब सुटताक्षणी आतलं कूलंट एकदम उकळून अंगावर उसळतं.

‘अँबेसेडर आयुष्यभर पाण्यावरच चालली की,’ हा दुसरा मुद्दा. चालली, हे खरं. पण तिचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे होते. आज हेड सर्रास अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि ते तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. गाडी एकदा जबर हीट झाली की ते वाकतं आणि हेड गॅस्केट दगा देतं. शिवाय एकाच द्रवात वेगवेगळे धातू भिजत असले की गंज वेगानं चढतो. तो रोखणारी रसायनं कूलंटमध्ये थोड्याच प्रमाणात असतात आणि वापरात ती संपत जातात. ग्लायकॉलही उष्णतेनं हळूहळू विघटन पावून आम्लं तयार करतं. वरून पाण्याची भर घालत राहिलं की उरलीसुरली रसायनं पातळ होतात. दख्खनच्या बोअरचं जड पाणी असेल, तर त्यातले क्षार नेमके सर्वांत तापलेल्या धातूवर बसतात आणि तो थर उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी कमी वाहून नेतो. टाकी काठोकाठ भरलेली असतानाही इंजिन तापतं, त्यामागे अनेकदा हे असतं.

इंजिन पूर्ण थंड असताना टाकी उघडून पाहिली तर बरंच काही कळतं. गढूळ तांबूस रंग म्हणजे गंज, म्हणजेच बराच काळ पाण्यावर काढलेला. वर तेलाचा तवंग असेल तर तेल कूलंटमध्ये येतंय. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसला तर उलट्या दिशेचा संशय घ्यावा. मात्र रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही तो जमतो, म्हणून डिपस्टिकवरचं तेलही बघावं. होस पाइपच्या क्लिपपाशी आणि वॉटर पंपाखाली वाळलेला पांढरट किंवा हिरवट थर दिसला, तर गळती तिथंच सापडली. कूलंटच्या हिरव्या-गुलाबी रंगावर मात्र विसंबू नये. तो कंपनीनं घातलेला असतो आणि आतलं रसायन सांगत नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्यावा, पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर वापरावं.

सर्वांत फसवा पुरावा असतो तो काढून टाकलेल्या भागाचा. गाडी हीट होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि रेडिएटरचा फॅन डायरेक्ट करायचा, म्हणजे चावी फिरवली की तो सतत फिरेल, ही जुनी पद्धत आहे. ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतोच कशाला?’ असं तिचं समर्थन केलं जातं. पण बाहेर ४० अंश असले तरी इंजिनासाठी तो गारठाच. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन उशिरा तापतं. तोवर कंट्रोल युनिट जास्त पेट्रोल सोडत राहतं, त्यातलं काही तेलात उतरतं आणि झीज वाढते. माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. चोंदलेला रेडिएटर किंवा थकलेला पंप या उपायानं दुरुस्त होत नाही, टेस्ट ड्राइव्हपुरता झाकला जातो. त्यात अनेक गाड्यांचा काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मुद्दाम मधोमध ठेवलेला असतो, आणि कूलंट सेन्सरच्या खाली गेलं तर त्याच्या आकड्यावर भरवसा राहत नाही. थंड इंजिन सुरू करताक्षणी फॅन फिरू लागला, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का हे विचारायलाच हवं.

गाडी घेऊन झाली असेल तर सिस्टीम फ्लश करून, योग्य कूलंट भरून टाकीवर मार्करनं रेघ मारावी आणि काही आठवडे सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहावी. काढलेलं कूलंट गटारात सोडू नये. इथिलीन ग्लायकॉल गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात. रेघ उतरत गेली तर लीक थांबवणारी पावडर घालायचा मोह होईल. ती रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते. त्याऐवजी प्रेशर टेस्ट करून घ्यावी. बाहेर कुठं थेंब दिसला नाही, तर टाकीतली हवा ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रावणातून ओढतात. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड त्यात आला की द्रावण पिवळं पडतं. ते पिवळं पडलं तर हेड उतरवावं लागतं, आणि तो खर्च विकणाऱ्याशी बोलून किमतीतून वजा करून घ्यायचा असेल तर ही चाचणी व्यवहाराआधीच व्हायला हवी.