विश्लेषण : पन्नाशी उलटलेली अमेरिकन ‘कूपे’ रोज चालवता येते का?

गारखेड्यातल्या सूतगिरणी चौकात एखादी जुनी, दोन दारांची शेव्हरोले सिग्नलला थांबली, तर शेजारचे दुचाकीस्वार आधी मोबाइल बाहेर काढतील. अशी गाडी नीट राखणाऱ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. ‘विंटेज’ नोंदणी घ्यावी, की नेहमीची नोंदणीच कायम ठेवावी? पहिल्या पर्यायात मान आहे, पण रोजचा रस्ता बंद होतो. नेमका फरक काय?

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा?

दोन दारे, मागे उतरते छप्पर आणि मागच्या बाजूला कमी जागा असलेली गाडी म्हणजे ‘कूपे’. अमेरिकन गाड्यांचे महाराष्ट्राशी जुने नाते आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. इथे जुळलेल्या गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे असते. अमेरिकेतून थेट आलेल्या गाडीचे ते डावीकडे असू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार अशा गाडीला चालू स्थितीतले इशारादर्शक उपकरण सक्तीचे आहे.

विंटेज नोंदणीचा नियम काय?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि त्यानंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क ५ हजार रुपये. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. आधी नोंदणी झालेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो.

मेख पुढे आहे. विंटेज नोंदणीची गाडी नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच मुभा आहे. म्हणजे रॅलीला जाता येईल. पण रोज जालना रोडने ऑफिसला जाणे नियमात बसणार नाही.

मग रोज चालवायची असेल तर?

गाडी ५० वर्षांची झाली म्हणून आपोआप विंटेज ठरत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज न करता नेहमीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करता येते. आरटीओत तपासणी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट हे सारे आलेच. ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेनुसार २० वर्षांहून जुन्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क १० हजार रुपये, तर आयात चारचाकीचे ८० हजार रुपये झाले आहे. त्यामुळे आरसीवर ‘आयात’ अशी नोंद आहे का, हे आधी पाहावे. पाच वर्षांचा हिशेब त्यावरच बदलतो.

कोणती गाडी रोजचा वापर सोसते?

चाळिशीच्या दशकातल्या शेव्हरोलेचे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडर इंजिन शहरात कमी वेगाला उत्तम चालते. मात्र त्यातल्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल उडवून पोहोचवण्याची पद्धत असल्याने सलग जास्त वेग त्याला मानवत नाही. त्याच काळातल्या प्लिमथच्या इंजिनात तेल दाबाने पोहोचते. शिवाय प्लिमथला १९२८ पासून चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आहेत. स्टिअरिंगजवळचा गिअर प्रीमियर पद्मिनी चालवलेल्यांना अनोळखी वाटणार नाही.

खरी काळजी ब्रेकची आहे. जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असतो. एका चाकाची नळी फुटली, तरी पेडल थेट तळाला जाते आणि हँडब्रेकवर निभवावे लागते. म्हणून रंगकाम आणि क्रोमच्या आधी ब्रेकच्या नळ्या, सिलिंडर आणि रबर सील यांवर खर्च व्हायला हवा.

उन्हाळा आणि ई-२० चे काय?

मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. वाहतूक कोंडीत इंजिनाजवळच्या पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. रेडिएटर आतून साफ करणे, थर्मोस्टॅट व फॅनबेल्ट तपासणे आणि पेट्रोलची नळी गरम भागापासून दूर नेणे हा उपाय.

२० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही आणि ते हवेतले पाणीही ओढते. त्यामुळे इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, फिल्टर वेळेवर बदलावा आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये. उभी राहिलेली गाडी अधिक बिघडते. कार्बोरेटर चिकटतो, सील सुकतात, बॅटरी उतरते. नियमित फेरी ही हौस नसून देखभालच आहे.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

आपल्याकडे अनेक अमेरिकन गाड्यांना नंतर डिझेल इंजिन बसवले गेले. इंजिन व चॅसिस क्रमांक आरसीशी जुळत नसतील, तर विंटेजचा मार्ग अडतो आणि नूतनीकरणही अडकू शकते. इंजिन दुरुस्त होते, सुटे भागही मिळवता येतात. पण कागद बिघडलेला असेल, तर गाडी दारातच उभी राहते.

थोडक्यात, गाडी वर्षातून दोन-चार रॅलींपुरतीच बाहेर काढायची असेल, तर विंटेज नोंदणी सोयीची. तिच्यातून रोज फिरायचे असेल, तर ‘व्हीए’चा मोह टाळून जुनी नोंदणी वेळेवर नूतनीकृत ठेवणेच योग्य.