अंतर्द्वंद्व, कथात्म साहित्यातील
एकाच व्यक्तीच्या मनात सत्प्रवृत्ती व असत्प्रवृत्ती यांच्यात होणारा संघर्ष. नायक आणि खलनायक यांच्यातील बाह्य संघर्षाहून तो भिन्न होय. बाह्य संघर्षात दुष्टाचा पराभव झाला, की कथा संपते. अंतर्द्वंद्वात जिंकणारा व हरणारा एकच असतो.

आरंभीच्या मराठी कादंबरीत, उदा., लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या मुक्तामाला (१८६१) मध्ये, सद्‌गुण व दुर्गुण बहुधा निरनिराळ्या पात्रांना वाटून दिलेले असत. पाश्चात्त्य साहित्यात रॉबर्ट लूई स्टीव्हन्सन (१८५०–९४) याने १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. जेकिल आणि मि. हाइड यांच्या कथेत एकाच माणसाची दोन रूपे कल्पून हे द्वंद्व दृश्य केले. तेथे पापाला निराळे नाव व निराळा चेहरा लाभतो.

मराठीतील या प्रकारचे ठळक उदाहरण म्हणजे वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांची ययाति (१९५९) ही कादंबरी. महाभारताच्या आदिपर्वातील कथा तिला आधारभूत आहे. येथे ययातीला दुसरे रूप नाही. आपले अधःपतन तो स्वतःच्याच मुखाने सांगतो. देवयानी व शर्मिष्ठा यांचीही आत्मनिवेदने असल्यामुळे त्याचे समर्थन वाचकाला पडताळून पाहता येते. ययातीला चांगले कळत नाही असे नाही. कळूनही ते वळत नाही, हाच त्याचा पेच होय. त्याचा वडीलबंधू यती देहाचा द्वेष करतो. पण ते दमनही त्याला विकृतीकडे नेते. भोग आणि दमन या दोन टोकांच्या मध्ये कचाचा संयम लेखकाने उभा केला आहे. शुक्राचार्यांच्या शापाने वार्धक्य आलेला ययाती पुत्र पूरूचे तारुण्य मागतो, तेव्हा वासनेची किंमत दुसऱ्याने मोजावी ही त्याची वृत्ती पूर्णतः उघडी पडते. आपल्या कृत्याची जबाबदारी स्वीकारणे हाच या द्वंद्वातील निर्णायक क्षण ठरतो.

या कादंबरीस १९६० चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही मिळाला. राजाच्या पुराणकथेतून सामान्य माणसाला स्वतःची ओळख पटावी, यात या कादंबरीचे वाङ्‌मयीन महत्त्व आहे.