चित्रातली वीरांगना (भाग ६) : कमरेतला बाक

गेल्या भागावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर असा, की कॉमिक्समधल्या सुपरहिरोइनींना अंगभर कपडे द्या, वाद आपोआप मिटेल. मला ते पटत नाही. महिषासुरमर्दिनीची जुनी शिल्पं आठवा. अंगावर कपडा कितीसा असतो? तरी नजर जाते ती रेड्याच्या पाठीवर रोवलेल्या पायाकडे, त्याचं तोंड मागे खेचणाऱ्या हाताकडे, मानेत घुसलेल्या त्रिशूळाकडे. तिच्या कमरेत बाक आहे, पण तो त्रिशूळाला जोर लागावा म्हणून. रेडा काढून टाकला तर ती तोल जाऊन पडेल.

आता २०१४ सालचं एक मुखपृष्ठ बघू. मार्व्हलच्या ‘स्पायडर-वुमन’च्या पहिल्या अंकासाठी मिलो मनारा या इटालियन चित्रकाराने ते काढलं होतं. मनाराची ख्याती शृंगारिक कॉमिक्सची, म्हणजे काम देणाऱ्याला काय मिळणार हे ठाऊक असणारच. नायिका गच्चीच्या कडेवर रांगत वर आली आहे. छाती जमिनीलगत, नितंब आकाशाकडे. अंगभर तांबडा पोशाख, मान-मनगट झाकलेलं. पण तो शिवलेला वाटत नाही, रंगवलेला वाटतो. समोर शत्रू नाही, झेप नाही. पाठीतला तो बाक कुठल्याच कामाचा नाही. तो फक्त अंक विकत घेणाऱ्यासाठी आहे. ओरड झाली, मार्व्हलच्या मुख्य संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. कपडे पुरते असूनही वाद पेटला, हे पत्रलेखकांनी ध्यानात घ्यावं.

दोष कपड्यांचा नाही, त्या बाकाचा आहे, ही गोष्ट वादावादीपेक्षा एका खोडीने जास्त चांगली सिद्ध केली होती. २०१२ मध्ये काही हौशी चित्रकारांनी नायिकांच्या या ‘पोझ’ जशाच्या तशा उचलल्या आणि त्या हॉकआय या धनुर्धारी पुरुषाला दिल्या. धनुष्य हातात, कंबर मुरडलेली, ओठांचा चंबू! हसू आवरत नाही. हाच खेळ मर्दिनीच्या शिल्पावर करून बघा. तिच्या जागी भीम उभा केला तर काहीही हास्यास्पद होत नाही.

हा वाद नव्या पिढीचा म्हणावा, तर तसंही नाही. वंडर वुमन १९४१ ची. तिचा निर्माता विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता, बायकांच्या हाती सत्ता यावी असं उघड म्हणणारा; पण त्याच्या कथांत नायिका पानोपानी साखळदंडांनी जखडलेली. १९४३ मध्येच बालवाङ्मयाच्या जाणकार जोसेट फ्रँक यांनी त्यावर हरकत घेतली होती. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने याच नायिकेला महिला-मुलींच्या सक्षमीकरणाची मानद राजदूत नेमलं, तेव्हा समारंभात तिथल्याच काही कर्मचाऱ्यांनी मंचाकडे पाठ फिरवली. निषेधाच्या अर्जावर सुमारे ४५ हजार सह्या झाल्या आणि दोन महिन्यांच्या आत ते पद संपलं. त्याच वर्षी सरचिटणीसपदासाठी अनेक कर्तबगार स्त्रिया रिंगणात होत्या आणि निवड पुरुषाची झाली होती. माझ्या मते राग तोकड्या चड्डीपेक्षा त्याचा जास्त होता.

मग बाईला ‘पाहण्याची वस्तू’ न करता शक्ती कशी दाखवायची? याचं एक उत्तर कोलकात्याच्या दक्षिणेला, बेहालात मिळालं. हा भाग दुर्गापूजेचा जुना मुलूख; तिथल्या बडिशात सावर्ण रायचौधुरी घराण्याची पूजा १६१० पासूनची सांगतात. आपल्याकडे गणेशोत्सवाची मंडळं, तसे तिथे पूजेचे क्लब, दरवर्षी नवा देखावा. २०२० मध्ये बडिशा क्लबने रिंटू दास यांच्या कल्पनेतून टाळेबंदीतली स्थलांतरित मजूर आई उभी केली. मूर्ती पल्लब भौमिक यांची, प्रेरणा चित्रकार विकास भट्टाचार्य यांची. हात दोनच, शस्त्र एकही नाही. साध्या साडीतली बाई, अंगावर उघडावाघडा कार्तिकेय, बरोबर लक्ष्मी, सरस्वती, गणपती. मुंबईहून नाशिक हायवेने चालत निघालेली कुटुंबं आपण पाहिली होती, त्यातलीच एखादी. तिच्याही अंगाला बाक आहे, पण तो लेकराच्या वजनाने आलेला. त्या वर्षी उच्च न्यायालयाने मंडपात प्रवेश बंद केला होता, लोकांना कठड्याबाहेरूनच दर्शन. तरी तिचा फोटो फोनाफोनांतून देशभर फिरला.

मूर्ती अस्सल होती, यात वाद नाही. पण मला खटकतं ते तिच्या कौतुकात. ‘बघा, आमच्याकडे शक्ती म्हणजे आई, तिकडच्यासारखी उघडी बाई नाही,’ असा सूर लगेच लागतो. म्हणजे दारं दोनच: एक तर डोळ्यांना सुख द्यायचं, नाही तर लेकरं सांभाळायची. जिला मूल नाही, नवरा नाही, जी सोळा वर्षांची आहे आणि जिला नुसतं छपरावरून उडी मारायची आहे, तिने कुठे जायचं? आईला हात जोडताना आपण तिच्या थकव्याचीच पूजा करतो, हेही आहेच. मजूर बाईला देवी केली म्हणून तिला रेल्वेचं तिकीट मिळालं नव्हतं.

त्या सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट मात्र २०१४ मध्येच, मनाराच्या मुखपृष्ठाच्या काही महिने आधी, त्याच मार्व्हलने छापली. जर्सी सिटीतली पाकिस्तानी घरातली कमला खान. लेखिका जी. विलो विल्सन, संपादिका सना अमानत, म्हणजे कथेच्या मागे बायका होत्या. माझ्या दृष्टीने फरक तिथेच पडला. कमलाला रूप बदलण्याची शक्ती मिळते तेव्हा ती आधी आपल्या लाडक्या नायिकेचं रूप घेते: सोनेरी केस, तोकडा पोशाख, मांडीपर्यंतचे बूट. आणि लगेच कळतं, की बूट टोचतात आणि चड्डी भलतीकडे चढते. सत्तर-पंचाहत्तर वर्षं वाचकांनी असा पोशाख बाहेरून पाहिला होता. तो आतून कसा लागतो हे तिने सांगितलं. पुढे तिने आपला पोशाख केला तो बुर्किनीपासून. अंग झाकलं जातं खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात धावता येतं.

पुढच्या भागात मुंबईची ‘हंटरवाली’. वाडिया मूव्हीटोनच्या या १९३५ च्या बोलपटात नाडिया चेहऱ्यावर मुखवटा, हातात चाबूक आणि आखूड चड्डी घालून मारामाऱ्या करत होती, वंडर वुमन जन्मायच्या सहा वर्षं आधी.